‘युनेम’ कोणाची आवृत्ती सांगते?

युनिक्स शिकवणाऱ्या मार्गदर्शिकांत ‘युनेम’ या आज्ञेपुढे बहुधा एकच ओळ असते : कार्यप्रणालीचे नाव व आवृत्ती दाखवते. ही ओळ पाठ केलेला विद्यार्थी अडखळतो तो डिस्कची नक्कल तपासताना. म्हणून ही आज्ञा आणि तिची ही ओळख, दोन्ही एकदा पारखून घेऊ.

मूळ डिस्क बिघडली तर लगेच बसवता यावी म्हणून तिची हुबेहूब प्रत करून ठेवतात. समजा, ती प्रत त्याच संगणकाला जोडली आहे. तिच्यावर कोणती आवृत्ती आहे हे पाहण्यासाठी आपण ‘युनेम -आर’ टंकले. अपेक्षित आकडा आला, आपण निश्चिंत झालो. पण प्रतीकडे कोणी पाहिलेच नाही! युनेम विचारते ते या क्षणी स्मृतीत चालू असलेल्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला. प्रत कोरी असती तरी तोच आकडा आला असता. ‘सीएच-रूट’ने प्रतीत शिरून विचारले तरी उत्तर बदलत नाही, फाइली प्रतीच्या, गाभा मात्र मूळ डिस्कवरून आलेला. ही चूक कळते ती मूळ डिस्क बंद पडते त्या दिवशी.

भिंगारच्या शिक्षकांना दाखला दूर शोधायला नको. जवळच्या भुईकोट किल्ल्यात नेहरूंनी १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले आणि १९४६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. शाळेच्या कपाटातली प्रत कोणत्या आवृत्तीची, हे त्याच प्रतीची सुरुवातीची पाने उलटून पाहतात. ग्रंथपाल सध्या कोणती प्रत वाचत आहेत, असे कोणी विचारत नाही.

खरे तर युनेम खोटे बोलत नाही, तिची ओळखच ढिसाळ आहे. पुण्याच्या सी-डॅकने १९९८ मध्ये उभारलेला ‘परम १००००’ सन कंपनीच्या संगणकांचा होता. या संगणकांची प्रणाली सोलॅरिस. सोलॅरिस २.६ वर ‘युनेम -आर’ ५.६ असे सांगते, कारण आतल्या सनओएसचा क्रमांक तो आहे. लिनक्सवर ‘-व्ही’ म्हणजे व्हर्जन मागितले तर गाभा कधी बांधला ती तारीख मिळते! सी-डॅकचीच ‘बॉस’ प्रणाली घ्या. ती डेबियनवर आधारलेली आहे, पण युनेम नुसते ‘लिनक्स’ म्हणते. मराठीत आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत आपण फरक करतो. इथे मात्र गाभ्याचा क्रमांक, बांधणीची खूण आणि प्रणालीचे नाव या तिन्हींना मार्गदर्शिका ‘आवृत्ती’ याच एका शब्दात बसवतात.

मग प्रत वाचायची कशी? ती केवळ वाचनासाठी ‘माउंट’ करावी आणि तिच्यावरच्या ‘ईटीसी’ निर्देशिकेतली ‘ओएस-रिलीज’ ही फाइल उघडावी. सोलॅरिसवर नुसती ‘रिलीज’. लिनक्सच्या प्रतीवर कोणते गाभे आहेत हे ‘लिब’मधल्या ‘मॉड्यूल्स’ निर्देशिकेतील नावांवरून कळते. या फाइलीही साध्या मजकुराच्याच. एखाद्या जादा प्रतीवर ‘ओएस-रिलीज’मधली ओळ मुद्दाम बदलून विद्यार्थ्यांना द्यावी. बसवलेल्या पॅकेजांची यादी ताडून लबाडी कोण पकडतो ते पाहावे. तासाभराचा हा प्रयोग मार्गदर्शिकेतल्या त्या ओळीपेक्षा अधिक शिकवील.

प्रतीवरूनच संगणक सुरू करून पाहणे ही शेवटची परीक्षा, आणि तिथेही एक मेख आहे. हुबेहूब नकलेत फाइलप्रणालीची ओळखसंख्यासुद्धा तीच उतरते. लिनक्स बहुधा याच ओळखसंख्येवरून आपली डिस्क शोधते, त्यामुळे दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील तर सुरुवात प्रतीवरून होऊनही पुढची फाइलप्रणाली मूळ डिस्कची लागू शकते. सोलॅरिसच्या प्रतीतील ‘व्हीएफएसटॅब’मध्येही जुन्याच डिस्कचे नाव राहते, ते आधी बदलावे लागते. म्हणून मूळ डिस्कची केबल काढावी आणि मगच संगणक सुरू करावा. त्यानंतर टंकलेल्या युनेमचे उत्तर मात्र प्रतीवरच्या गाभ्याचेच असते.