नावापुरती निम्मी : करकायद्यातील पती-पत्नी

‘विवाह-दंड’ हा शब्द अमेरिकेतील करचर्चेत रुळलेला आहे. दोघे कमावते लग्नाआधी वेगवेगळा जेवढा प्राप्तिकर भरतात, त्याच्या बेरजेहून लग्नानंतरचा एकत्रित कर जास्त निघाला, की त्या वाढीला हे नाव देतात. माझा आक्षेप या शब्दालाच आहे. तो ‘जोडप्याला किती भुर्दंड पडला?’ एवढेच विचारतो. घरातल्या कोणाच्या कमाईवर तो पडला, हे त्यात झाकले जाते. आपल्याकडेही पती-पत्नींच्या संयुक्त विवरणपत्राची मागणी होते. सनदी लेखापालांच्या संस्थेने २०२५च्या अर्थसंकल्पापूर्वी तशी सूचना केली होती. म्हणून हा परका इतिहास आपणही वाचायला हवा.

अमेरिकेत १९१३ साली प्राप्तिकर आला तो व्यक्तीवर. मात्र काही राज्यांच्या कायद्यात लग्नानंतरची कमाई दोघांच्या समाईक मालकीची असे. अशा वॉशिंग्टन राज्यातील ‘पो विरुद्ध सीबॉर्न’ खटल्यात १९३० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की तेथे समाईक उत्पन्नाचा निम्मा वाटा पत्नीच्या नावे दाखवता येईल. दर चढते असतील तर मोठी रक्कम दोघांत विभागताच कर उतरतो. हे ध्यानात आल्यावर ओक्लाहोमा, मिशिगन, नेब्रास्का अशा राज्यांनीही समाईक मालकीचे कायदे केले. पुढे १९४८ साली काँग्रेसने देशभरातील सर्व जोडप्यांना आपले उत्पन्न कागदोपत्री निम्मे-निम्मे धरण्याची मुभा दिली. त्यासाठी मालकी वाटण्याची गरज उरली नाही. लगोलग या राज्यांनी आपले नवे कायदे रद्द केले! करापायी पत्नीला मिळालेला मालकीहक्क, कर वाचवण्याची सोपी वाट सापडताच संपला. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत बोलका वाटतो तो हा प्रसंग.

मग अविवाहितांनी तक्रार केली. १९६९च्या कायद्याने त्यांचे दर उतरवले आणि १९७१पासून सारख्या कमाईच्या जोडप्यांना लग्न महाग पडू लागले. मेरीलँडमधील एका नोकरदार दांपत्याने सलग दोन वर्षे वर्षअखेरीस परदेशी जाऊन घटस्फोट घेतला आणि नव्या वर्षात पुन्हा लग्न केले, कारण वैवाहिक स्थिती ३१ डिसेंबरला पाहिली जाते. करन्यायालयाने ते घटस्फोट मानले नाहीत. २०१७च्या कायद्याने सर्वोच्च टप्पा वगळता जोडप्यांचे टप्पे एकट्याच्या दुप्पट केले. अल्प उत्पन्नाच्या आईबापांना मिळणाऱ्या करसवलतीत मात्र लग्नाचा तोटा अजून आहे.

एडवर्ड मॅकॅफरी यांनी ‘टॅक्सिंग विमेन’ (१९९७) या पुस्तकात दुसऱ्या कमावत्याकडे लक्ष वेधले आहे. एक कल्पित हिशेब पाहू. समजा, चार लाखांपर्यंत कर नाही, पुढच्या चार लाखांवर १० टक्के आणि त्यावर ३० टक्के. पतीचे उत्पन्न १६ लाख, पत्नीचे चार लाख. वेगवेगळी आकारणी केली तर पतीला २ लाख ८० हजार कर, पत्नीला शून्य. एकत्र करून निम्मे-निम्मे धरले तर दोघांचा मिळून २ लाख. म्हणजे ८० हजारांचा फायदा. येथे दंड कुठेच दिसत नाही. पण पत्नीने नोकरी सोडली तर पतीचे १६ लाख दोघांत विभागून कर फक्त ८० हजार होतो. याचा अर्थ, तिच्या चार लाखांपायी घराचा कर १ लाख २० हजारांनी वाढला. तिचा पहिला रुपयाच ३० टक्क्यांना सापडला. ‘तुझ्या नोकरीत उरतं काय?’ या प्रश्नाला कायदाच असा आधार देतो.

भारतात आकारणी व्यक्तीची आहे. मात्र पतीने मोबदल्याविना पत्नीच्या नावे केलेल्या मालमत्तेचे उत्पन्न पतीच्याच खात्यात धरले जाते. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका नियोजित वधूला लग्नाआधी दिलेल्या शेअर्सचा प्रश्न आला. हस्तांतराच्या वेळी ती पत्नी नव्हती, म्हणून ते उत्पन्न पतीचे ठरले नाही. या तरतुदीमागची शंका रास्त आहे, कारण नावापुरती मालकी आपल्याकडे नवी नाही.

अधिक शिकण्याजोगे उदाहरण गोव्याचे आहे. तेथे पोर्तुगीज नागरी संहितेनुसार समाईक मालमत्ता असलेल्या पती-पत्नींसाठी १९९४ साली प्राप्तिकर कायद्यात कलम ५अ आले, तेही १९६३पासून पूर्वलक्षी प्रभावाने. घरभाडे, धंदा, व्याज यांचे उत्पन्न दोघांत समान वाटायचे. पगार मात्र ज्याचा त्याचा. येथे कराची विभागणी मालकीच्या मागोमाग येते, आणि नोकरदार पत्नीचा पगार पतीच्या पगारावर रचला जात नाही.

संयुक्त विवरणपत्राचा प्रस्ताव पुन्हा मांडला जाईल, तेव्हा त्याला दोन प्रश्न विचारावेत : पत्नीला निम्मी मालकी मिळणार काय? आणि तिच्या पहिल्या रुपयावर कोणता दर लागणार? यांची समाधानकारक उत्तरे नसतील, तर आजची व्यक्तिगत आकारणीच पत्नीच्या हिताची आहे, असे माझे मत आहे.