प्रमाणपत्र आणि कार्य : हरित कौशल्य विकास कार्यक्रमाच्या मूल्यमापनाचा निकष

केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालयाने जून २०१७ मध्ये दहा जिल्ह्यांत हरित कौशल्य विकास कार्यक्रमाचा प्रायोगिक आरंभ केला. जैवविविधता-संरक्षक व सहायक वर्गीकरणतज्ज्ञ घडविणारे तीन-तीन महिन्यांचे दोन अभ्यासक्रम त्यात होते. पुढील वर्षी २०२१ पर्यंत साडेपाच लाख व्यक्तींना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. संख्या भव्य खरी. परंतु केवळ तिच्या पूर्तीवरून कार्यक्रमाचे मूल्य ठरविणे युक्त नव्हे. प्रमाणपत्रांच्या मोजणीने वर्ग भरल्याचे सिद्ध होते, संरक्षण घडल्याचे नव्हे.

नोकरी मिळाली की नाही, हा निकष अधिक सयुक्तिक होय. तथापि तोही अपुराच. वनस्पती ओळखण्यास शिकलेला तरुण दुकानात हिशेब लिहू लागला, तर त्याचा चरितार्थ चालेल. सार्वजनिक निधीचा हेतू मात्र साधणार नाही.

खरी कसोटी २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या व्यवस्थेतच सापडते. तीनुसार स्थानिक स्वराज्य संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापावयाच्या आणि समित्यांनी लोकांच्या सहभागाने जैवविविधता नोंदवह्या तयार करावयाच्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये या कामास ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली. म्हणजे जाणत्या हातांची निकड आणि प्रशिक्षणाचा विस्तार एकाच काळातले. तेव्हा किती नोंदवह्यांना या प्रशिक्षितांचे साहाय्य लाभले, आणि त्यांच्या नोंदी इतरांच्या नोंदींहून अचूक ठरल्या काय, हे दोन प्रश्न मूल्यमापनात अग्रस्थानी असावयास हवेत. त्यांना बगल देणारा अहवाल खर्चाचा हिशेब ठरेल, मूल्यमापन नव्हे.