‘आयोलॅन्थी’: संहितेचा निवाडा, संगीताचा निवाडा

डब्ल्यू. एस. गिल्बर्ट आणि आर्थर सलिव्हन यांच्या विनोदी संगीतिकांची चर्चा बहुधा गिल्बर्टच्या शब्दांपासून सुरू होते आणि तेथेच संपते. उपरोध संहितेत असतो, संगीत त्याला माधुर्य देते, अशी विभागणी त्यामागे गृहीत असते. २५ नोव्हेंबर १८८२ रोजी लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात प्रथम सादर झालेल्या ‘आयोलॅन्थी’पुरती तरी ही विभागणी टिकत नाही. या कृतीत संहिता लॉर्ड चॅन्सेलरला निर्दोष सोडते. संगीत त्याला तसे सोडत नाही.

कथानक थोडक्यात असे. मर्त्य मानवाशी विवाह केल्याबद्दल आयोलॅन्थी या परीला देहान्त शासन व्हायचे. पतीशी पुन्हा कधीही संपर्क ठेवायचा नाही या अटीवर राणी तिला केवळ हद्दपार करते. हा पती म्हणजेच लॉर्ड चॅन्सेलर. पत्नी मृत आहे अशी त्याची समजूत. त्यांचा मुलगा स्ट्रेफॉन (कमरेपर्यंत परी, खाली माणूस) फिलिसवर प्रेम करतो. ती न्यायालयाच्या पालकत्वाखाली असल्याने तिच्या विवाहाला चॅन्सेलरची अनुमती हवी. आणि चॅन्सेलर स्वतःच तिच्यावर अनुरक्त आहे.

सलिव्हन सत्तेचे ध्वनिरूप दोन प्रकारे उभे करतो. उमरावांचा प्रवेश भव्य संचलनगीताने होतो. त्यात विडंबनाची खूण जवळजवळ नाही. एखाद्या राज्यारोहणालाही ते शोभले असते. उमराव मात्र कंठानेच तुताऱ्या-झांजांचे अर्थहीन ध्वनी काढत येतात, म्हणजे त्यांचे वैभव अखेर नाद एवढेच उरते. चॅन्सेलरचे प्रकरण अधिक सूक्ष्म आहे. त्याच्या प्रवेशाबरोबर वाद्यवृंदात फ्यूगच्या धर्तीचा एक छोटा स्वरबंध उमटतो. फ्यूगमध्ये एक स्वरपंक्ती विषय मांडते आणि पुढची प्रत्येक पंक्ती तोच विषय घेऊन तिच्या मागून येते. पूर्वनिर्णयांवर चालणाऱ्या इंग्रजी कायद्याला याहून नेमकी सांगीतिक प्रतिमा सुचणे कठीण. लाइपझिगच्या संगीतविद्यालयात शिकलेल्या सलिव्हनची विद्वत्ता येथे अलंकार म्हणून येत नाही. ती व्यक्तिरेखेचे भाष्य करते.

दुसऱ्या अंकात चॅन्सेलरच्या वाट्याला दुःस्वप्नाचे प्रसिद्ध गीत येते. हा पॅटर प्रकार, म्हणजे शब्दांचा वेग इतका की चालीला पसरायला जागाच राहू नये. समुद्रप्रवास, सॉल्सबरीच्या माळावरची सायकलस्वारी, भागभांडवलाची एक अफाट योजना असे स्वप्न घसरत जाते. प्रेमभंगाने झोप उडालेल्या माणसाच्या स्वप्नातून प्रेम कधी निसटले हे ऐकणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. वाद्यवृंद चित्रे रंगवतो आणि कंठ मोजक्या स्वरांवर धावत राहतो. न्यायासाठी फ्यूग, उद्वेगासाठी पॅटर. भावगीत या माणसाजवळ नाही.

हे ध्यानात घेतले तरच आयोलॅन्थीच्या विनवणीचे स्थान उमगते. मुलासाठी ती बुरखा घेऊन पतीसमोर उभी राहते आणि मृत पत्नीची आठवण जागवते. येथे विनोद पूर्ण थांबतो. सलिव्हनची आई १८८२च्या मे महिन्यात वारली आणि तो शोक या गीतात उतरला, असे चरित्राच्या आधारे सांगण्याचा मोह होतो. त्यात तथ्य असेलही. पण गीताचे सामर्थ्य त्याच्या जागेत आहे. पॅटरच्या गर्दीनंतर प्रथमच एक चाल श्वास घेते. चॅन्सेलर हेलावतो, पण त्याचे उत्तर गीत होत नाही. पठणाच्या अंगाने जाणाऱ्या गानात, म्हणजे रेसिटेटिव्हमध्ये, फिलिस आपली वाग्दत्त वधू आहे एवढेच तो सांगतो. तेव्हा आयोलॅन्थी प्राणाचे मोल देऊन स्वतःची ओळख प्रकट करते.

पेच सुटतो तो कायद्यानेच. तोपर्यंत साऱ्याच पऱ्यांनी उमरावांशी लग्ने केलेली असतात. चॅन्सेलर सुचवतो की नियमात एक नकार घालावा, म्हणजे मर्त्याशी विवाह न करणारी परी देहान्तास पात्र ठरेल. एके काळी बॅरिस्टर असलेल्या गिल्बर्टला साजेशी ही युक्ती. चॅन्सेलर त्या क्षणी बुद्धिमान ठरतो, उपकारकर्ताही ठरतो.

आता अंतिम समूहगीत ऐकावे. त्याची चाल नवी नाही. फिलिसला मागणी घालण्याचे धैर्य चॅन्सेलरने करावे म्हणून दोन उमराव त्याच्यासह जे त्रिगीत गातात, त्याचीच ती चाल. ज्या उत्साहाने बाप नकळत मुलाचा प्रतिस्पर्धी झाला आणि आयोलॅन्थीला मृत्यूच्या दारात उभे राहावे लागले, त्याच उत्साहावर रंगमंच आता नाचतो. चाली पुन्हा वापरणे ही या नाट्यप्रकाराची रूढीच, हा आक्षेप रास्त आहे. पण रूढी कोणती चाल निवडावी हे सांगत नाही. विनवणीचे गीत हाताशी होते. या समूहगीतात त्याचा एक स्वरबंधही ऐकू येत नाही.