‘सिक्युरिटी प्लस’चा अभ्यासक्रम : एक परीक्षण

संगणकशास्त्राची पदवी नाही, कुठल्याही कचेरीच्या संगणक विभागात काम केलेले नाही, आणि तरीही माहिती सुरक्षेच्या क्षेत्रात शिरायचे आहे, काय करू? हा प्रश्न विद्यार्थी आता शाळा-महाविद्यालयातील शिक्षकांनाही विचारू लागले आहेत. उत्तरादाखल एखाद्या प्रमाणपत्र परीक्षेचे नाव सुचवले जाते. त्यात वारंवार येणारे नाव म्हणजे अमेरिकेतील कॉम्पटिया या संस्थेची ‘सिक्युरिटी प्लस’. क्रमिक पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या परीक्षेच्या अभ्यासक्रमाचे करून पाहू. संस्था तो विनामूल्य देते. तो वाचल्याशिवाय परीक्षेचे शुल्क, जे हजारो रुपयांत जाते, कुणी भरू नये असे मला वाटते.

ही परीक्षा २००२ पासून घेतली जाते. २००५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने संगणक-सुरक्षेचे काम करणाऱ्यांसाठी मान्य प्रमाणपत्रांची यादीच नियमांत घातली आणि तीत हिचा समावेश झाला. हिच्या प्रसाराचे हे एक मोठे कारण आहे. तेव्हा नोकरीच्या जाहिरातीत नाव दिसते म्हणून अभ्यासक्रम उत्तम असलाच पाहिजे, असे अनुमान काढता येत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या आवृत्तीत पाच विभाग आहेत. मूलभूत संकल्पनांना १२ टक्के वजन आहे, तर सुरक्षेच्या दैनंदिन कामकाजाला २८ टक्के. ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न सोडवायचे आणि १०० ते ९०० या मापनश्रेणीवर ७५० गुण मिळवायचे. (शिक्षकांसाठी जाता जाता : ही श्रेणी शून्यापासून सुरू होत नाही आणि गुण रूपांतरित असतात, त्यामुळे ‘किती प्रश्न बरोबर आले की पास’ हे गणित त्यातून काढता येत नाही.) पूर्वानुभवाची अट नाही. मात्र संस्थेची स्वतःची शिफारस अशी आहे की उमेदवाराने आधी संगणक-जाळ्याची परीक्षा द्यावी आणि त्याला सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव असावा. शिकवणी वर्गांच्या जाहिरातीत नेमके हेच वाक्य गाळलेले असते.

अभ्यासक्रमाची जमेची बाजू खरी आहे. सुरक्षा म्हणजे चोरट्याशी पडद्यावरची झटापट, ही सिनेमाने रुजवलेली समजूत तो पहिल्या काही पानांतच मोडतो. गुप्तता, अखंडता आणि उपलब्धता ही तिन्ही जपायची असतात. दाराचे कुलूप, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि कंत्राटातील कलमे हीदेखील सुरक्षाच असते. धोका शून्यावर आणता येत नाही, तो मोजून पेलायचा असतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही मांडणी आवडेल.

अडचण आहे ती पदार्थविज्ञानाचे पुस्तक प्रयोगशाळेविना शिकवावे तशी. पानोपानी संज्ञांच्या याद्या आहेत आणि शेवटी आद्याक्षरी संक्षेपांची लांबलचक सूची आहे. काही प्रश्न प्रात्यक्षिक स्वरूपाचे असतात, पण भर पर्याय निवडण्यावरच आहे. एकच उदाहरण घेतो. ‘बॅकअप’ या मथळ्याखालच्या यादीत ‘रेप्लिकेशन’, म्हणजे एका यंत्रावरील माहितीची दुसऱ्यावर सतत प्रतिकृती करत राहणे, हा शब्द येतो. या प्रतिकृतीला बॅकअपच्या पंगतीत बसवणे किती महागात पडू शकते, हे २०१७ साली दिसले.

त्या वर्षी २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून बाहेर पडला. यंत्राच्या स्मृतीतून पासवर्ड उचलून तो पुढच्या यंत्रावर जाई, त्यामुळे विंडोजमधील ज्ञात छिद्र बुजवलेली यंत्रेही सुटली नाहीत. मार्स्क या जहाज कंपनीचे जाळे कोसळले. आपल्याकडे न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. कोण कर्मचारी कोणत्या यंत्रावर काय करू शकतो याची नोंदवही सांभाळणारे सर्व्हर, ज्यांना डोमेन कंट्रोलर म्हणतात, या कंपनीने जगभर विखरून ठेवले होते. ते एकमेकांच्या प्रती सांभाळत. एक गेला तर दुसरा आहेच, अशी ती योजना होती. सगळे एकदम जातील याचा विचार त्यात नव्हता, आणि ते एकदम गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेल्याने तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच्या आधारे उभारणी सुरू झाली. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितल्यानुसार दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

फळ्यावरचे चुकलेले गणित साठ वह्यांत उतरले, तर साठ प्रती होतात. बरोबर उत्तर कुठेच उरत नाही. प्रतिकृती यंत्र बिघडण्यापासून वाचवते, चुकीपासून किंवा हल्ल्यापासून नाही. त्यासाठी जाळ्यापासून तोडलेली जुनी प्रत लागते. हा फरक एखाद्या पुसलेल्या फाइलसाठी रात्र जागवलेल्या माणसाला सांगावा लागत नाही. नवख्याला सांगावाच लागतो, आणि अभ्यासक्रमाची यादी तो सांगत नाही.

नवख्यांसाठीच आखलेली दुसरी परीक्षाही आहे. आय.एस.सी.टू या संस्थेने २०२२ साली ‘सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी’ सुरू केली आणि दहा लाख जणांना शिक्षण व परीक्षा विनामूल्य देण्याचा संकल्प सोडला. तिचा पल्ला लहान आणि ओझे हलके. उत्तीर्ण झाल्यावर मात्र प्रमाणपत्र टिकवण्यासाठी दरवर्षी शुल्क भरावे लागते, हे आधीच विचारून घ्यावे. याच संस्थेच्या सी.आय.एस.एस.पी. या वरच्या परीक्षेचा नियम मला अधिक बोलका वाटतो. तिथे पाच वर्षांचा अनुभव लागतो (विशिष्ट पदवी वा प्रमाणपत्र असल्यास एका वर्षाची सूट), आणि अनुभवाविना कुणी परीक्षा उत्तीर्ण झालाच तर त्याला ‘सहयोगी’ म्हणून थांबावे लागते. परीक्षेतले ज्ञान आणि हाताला आलेले काम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे संस्थेने नियमातच लिहून ठेवले आहे. प्रवेशाच्या पायरीवरही ते तितक्याच ठळकपणे लिहायला हवे होते.

तेव्हा विद्यार्थ्याला ‘सिक्युरिटी प्लस’ नको म्हणावे का? मी म्हणणार नाही. पण अभ्यासक्रम हाती देताना त्यातील प्रत्येक क्रियापदासमोर ‘हे मी स्वतः केले’ अशी खूण करायला सांगावे. त्यासाठी जुना संगणक, मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली आणि जाळ्यातील संदेशांची पाकिटे उलगडून दाखवणारा ‘वायरशार्क’ हा मोफत प्रोग्राम एवढे साहित्य बऱ्याच दिवसांना पुरते. प्रयोग फक्त स्वतःच्या यंत्रावर करायचे. शाळेच्या कचेरीतला संगणक ‘तपासून पाहणे’, मग ते परोपकाराने का असेना, परवानगीशिवाय केल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली अडचणीत आणू शकते.

पहिला प्रयोग वर्गातही होईल. एका फोल्डरची प्रत आपोआप दुसरीकडे होत राहील अशी मांडणी करा, आणि तिसरी प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन तो काढून ठेवा. मग मूळ फोल्डरमधल्या एका फाइलमधील मजकूर बिघडवा, पाच मिनिटे थांबा, आणि तिन्ही ठिकाणच्या फाइली मुलांना उघडून पाहू द्या.