हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतील दोन पितापुत्र

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची थोरवी सांगताना आपले टीकाकार बहुधा ‘उषःकाल’पाशी थांबतात. शिवकालाचा उत्साह तीत ओसंडत असल्याने हे स्वाभाविकच आहे. परंतु त्यातला कादंबरीकाराचा वाटा किती आणि वाचकाने पदरचा घातलेला किती, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

हरिभाऊंच्या ऐतिहासिक लेखनाचा आरंभ उसनवारीने झाला. १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढल्यावर त्यांनी त्यात ‘म्हैसूरचा वाघ’ लिहावयास घेतली, ती मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील इंग्रजी कादंबरीच्या आधाराने. ‘उषःकाला’त (१८९५–९७) ते स्वतःच्या भूमीवर आले. विजापूरचे मीठ खाल्लेले रंगराव अप्पा आणि स्वराज्याकडे ओढला गेलेला त्यांचा पुत्र नानासाहेब यांचा संघर्ष हा या कादंबरीचा गाभा होय. परंतु त्याचा निकाल इतिहासाने आधीच दिलेला आहे. पित्याची निष्ठा कितीही उदात्त रंगविली, तरी वाचक प्रारंभापासून पुत्राच्या पक्षाला असतो.

‘वज्राघाता’त (१९१३–१५) तोच पेच निराळ्या रूपाने परत येतो. रामराजाने अंतर दिलेल्या मेहेरजानचा पुत्र रणमस्तखान विजयनगराच्या शत्रूंच्या गोटात आहे. येथे वाचकाला कोणताही पक्ष निश्चिंतपणे घेता येत नाही. १५६५ च्या लढाईत साम्राज्य कोसळते तेव्हा शत्रूच्या बळाइतकाच एका पुरुषाचा जुना विश्वासघातही फळाला आलेला असतो. हरिभाऊंची शोकात्म दृष्टी येथे पूर्णत्वाला पोहोचते.

भिलाईच्या कुरुद भागात राहून अनुवादाचे काम करताना हा भेद विशेष जाणवतो. छत्तीसगडच्या इतिहासात मराठे येतात ते १७४१ साली रतनपुरावर चालून आलेल्या भास्करपंताच्या रूपाने. ‘स्वराज्य’ या शब्दासरशी मराठी वाचकाच्या मनात जे उचंबळते, ते येथल्या हिंदी वाचकाकडून गृहीत धरता येत नाही. त्याच्यापुढे ‘उषःकाल’ ठेवली, तर नानासाहेबाच्या पराक्रमापेक्षा रंगराव अप्पांची कोंडीच अधिक टिकून राहील. ‘वज्राघाता’चे मात्र फारसे काही उणावणार नाही.

तेव्हा हरिभाऊंचे मोठेपण शिवकालाच्या पुण्याईवर तोलणे हा त्यांच्यावर अन्यायच होय. त्यांचे मूल्यमापन ‘वज्राघाता’पासून आरंभून मागे ‘उषःकाला’कडे यावे, म्हणजे त्या कादंबरीतील पराभूत पित्यालाही त्याचे योग्य स्थान मिळेल.