लेखण्यांचा संग्रह आणि रोजचें पान

वाङ्मयाचा टीकाकार ग्रंथ पाहतो, ग्रंथकर्ता पाहतो, प्रसंगीं ग्रंथकर्त्याचा काळहि पाहतो. पण ज्या साधनानें अक्षर कागदावर उतरतें त्याकडे तो सहसा पाहत नाहीं. सुताराच्या कामाची परीक्षा करतांना रंध्याचा विचार होतो, गवयाच्या बैठकींत तंबोऱ्याच्या जव्हारीची चर्चा होते; लेखकाची लेखणी मात्र विचाराबाहेर राहते. अलीकडे कित्येक सुशिक्षित घरांतून फाउंटनपेनें आणि निरनिराळ्या रंगांच्या शाया जमविण्याचा छंद पुन्हां दिसूं लागला आहे. हा छंद रसिकतेचा आहे असें त्याचे उपासक म्हणतात. रसिकतेचा दावा जेथें आला तेथें परीक्षणहि आलेंच. म्हणून या छंदाचें मोल कोणत्या कसोटीवर ठरवावें याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें म्हणणें प्रथमच सांगून टाकितों. चित्रांचा संग्रह पाहून उपभोगतां येतो, नाण्यांचा अभ्यासून. पेन आणि शाई यांचा संग्रह लिहूनच उपभोगावा लागतो. ज्या संग्रहांतून रोजचें लेखन निघत नाहीं तो कितीहि मोलाचा असला तरी अपुरा होय. आणि ज्या घरीं दोनच पेनें व तीनच दौती आहेत, परंतु त्यांतून पत्रें, हिशेब, टिपणें नित्य उतरत आहेत, तेथें या छंदाचा आनंद पुरेपूर नांदत आहे असें समजावें.

एके काळीं फाउंटनपेन ही चैन नव्हती, गरज होती. टाक पुन्हां पुन्हां दौतींत बुडविण्याचा त्रास तिनें चुकविला म्हणून ती खिशांत आली. पुढें १९४५ सालीं न्यूयॉर्कच्या बाजारांत बॉलपेन विक्रीस आलें, आणि कांहीं दशकांत शाळा, कचेरी व दुकान या सर्व ठिकाणीं त्याचें राज्य झालें. आतां तर बहुतेक मजकूर संगणकावर आणि हातांतल्या फोनवरच लिहिला जातो. अर्थात् फाउंटनपेनची सक्ती उरली नाहीं. जो तें वापरतो तो आपल्या आवडीनें वापरतो. सक्ती गेली म्हणजे वस्तूचा आनंद मोकळेपणानें घेतां येतो हें खरें. पण त्याच वेळीं ती वस्तु केवळ शोभेची होऊन बसण्याचें भयहि उत्पन्न होतें. नित्याच्या स्वयंपाकांतून निघालेलें पितळी भांडें दिवाणखान्यांत मांडलें म्हणजे त्याला चकाकी येते, पण त्याचें भांडेपण जातें. लेखणीचेंहि तसेंच आहे.

येथें थोडा हिशेब मांडणें अप्रस्तुत होणार नाहीं. शाईची नेहमींची बाटली ५० मिलिलिटरांची धरली, आणि पेनांत एका वेळीं सुमारें पाऊण मिलिलिटर शाई मावते असें मानलें, तर एका बाटलींतून पेन सासष्ट वेळां भरेल. आठवड्यास एकदां पेन रितें होण्याइतकें लिहिणारा मनुष्य आज थोडाच आढळेल. पण असा लिहिणारा गृहीत धरला तरी एक बाटली त्यास सव्वा वर्ष पुरते. ज्याच्या कपाटांत अशा तीस बाटल्या आहेत त्यानें आपल्यापुढें सुमारें अडतीस वर्षांचें लेखन मांडून ठेविलें आहे! यांत दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. घरीं न वाचलेलीं पुस्तकें ठेवणारांनीं न वापरलेल्या शाईस हंसण्याचें कारण नाहीं. परंतु एकतिसावी बाटली आणण्यापूर्वीं हा आंकडा मनांत असावा इतकेंच.

न वापरणें हें पेनाच्या रचनेसच मानवत नाहीं. १८८४ सालीं अमेरिकेंत वॉटरमननें ज्या रचनेचें पेटंट घेतलें, तिचें मर्म निबेखालच्या जिभेंत आहे. जिभेवरील बारीक खांचांतून शाई केशाकर्षणानें टोंकाकडे येते, आणि तिची जागा घेण्यास तितकीच हवा आंत जाते. हा देवघेवीचा व्यवहार चालू आहे तोंपर्यंतच पेन पेन असतें. महिनाभर तें टोपण घालून तसेंच पडूं दिलें तर शाईंतलें पाणी उडून जातें, रंग मागें राहतो, आणि त्या खांचा बुजतात. मग कोमट पाण्यानें धुणें आलें, झटकणें आलें, आणि बोटें निळीं होणें तर आलेंच. जें पेन रोज लिहितें त्यास ही शुश्रूषा क्वचितच लागते. वीणा न वाजविल्यानें उतरते, तसा हा प्रकार आहे. तेव्हां रोज लिहा हा आमचा उपदेश नीतीचा नसून यंत्राचाच आहे असें म्हटलें तरी चालेल.

आतां एका महत्त्वाच्या गोष्टीकडे वळतों. या छंदाविषयीं जें लिहिलें-बोललें जातें तें बहुतेक रोमन लिपीच्या अनुभवावर आधारलेलें असतें. अमुक निब रुंद, तमुक शाई मंद गतीनें वाळणारी पण चमकदार, असे अभिप्राय आमच्यांतील हौशी लोक जसेच्या तसे उचलतात. पण आपली लिपि बाळबोध आहे आणि तिच्या गरजा वेगळ्या आहेत. इंग्रजी लिहिणाऱ्याचा हात एकदां पुढें गेला म्हणजे फारसा मागें येत नाहीं. मराठी लिहिणारे पुष्कळ लोक शब्द पुरा करून मग त्यावर शिरोरेघ ओढितात. म्हणजे हात परत फिरतो आणि ओल्या अक्षरांच्या माथ्यावरून जातो. सावकाश वाळणारी शाई येथें फांसते, आणि तिच्या ज्या चकाकीची एवढी स्तुति ऐकिली तीच करंगळीस लागलेली दिसते. तसेंच ‘ठ’, ‘थ’, ‘क्ष’ यांचीं पोटें आणि जोडाक्षरांतील बारीक वळणें रुंद व ओल्या निबेखालीं भरून जातात. अनुस्वाराचा ठिपका तर कागद शोषरा असल्यास मोहरीचा वाटाणा होतो.

बोरूच्या काळीं या गोष्टीचा विचार झालेला होता. बोरूला तिरपा छाट देत. त्यामुळें काना आणि शिरोरेघ दोन्ही भरींव येत, आणि वळणांत एका तिरप्या दिशेस रेघ नाजुक होई. जुन्या पोथ्यांच्या अक्षरांची शोभा या जाड-बारीकपणांत आहे. मोडीचें तंत्र निराळें होतें: तींत ओळभर शिरोरेघ आधींच ओढून घेत, आणि मग हात शक्य तितका न उचलतां अक्षरें जोडीत जात. फाउंटनपेनची सामान्य निब टोंकाशीं गोल असल्यामुळें सर्व दिशांस सारखीच रेघ देते. तींतून अक्षर स्वच्छ येतें, पण बोरूची लय येत नाहीं. सरळ कापलेली रुंद निब घेऊन तिची धार ओळीस समांतर धरली तर काना जाड आणि शिरोरेघ बारीक असें उलटें चित्र दिसतें. थोडी तिरपी धरली म्हणजे तें सुधारतें. असे प्रयोग आपल्या लिपींत करून पाहणें, आणि कोणती निब मराठी अक्षरास मानवते हें स्वतः ठरविणें, यांत या छंदाची खरी विद्या आहे. दुसऱ्याच्या लिपीसाठीं केलेली शिफारस पाठ म्हणण्यांत ती नाहीं.

शाईचीहि अशीच गोष्ट. काजळ आणि डिंक यांची शाई शतकानुशतकें टिकते, पण तिचे कण फाउंटनपेनच्या नाजुक खांचा बुजवितात. मायफळ किंवा हिरडा आणि हिराकस यांच्या शाईची जात वेगळी: ती कागदावर प्रथम फिकी दिसते आणि मग हवेशीं संयोग होऊन काळी पडत जाते, पाण्यानें ती सहजीं जात नाहीं. पण तिच्या अंगीं आम्लता असल्यामुळें पोलादी निबेस ती जाचते. सोन्याच्या निबेचा मान केवळ श्रीमंतीमुळें नव्हता, हें येथें लक्षांत येईल. आजच्या बहुतेक रंगीत शाया साध्या रंगद्रव्यांच्या आहेत. त्या पेनास सौम्य, डोळ्यांस सुखद, पण उन्हानें विटणाऱ्या आणि पाण्याच्या थेंबानें पसरणाऱ्या आहेत. मग कोणती चांगली? हा प्रश्न लिहावयाचें काय आहे हें ठरल्यावांचून सुटत नाहीं. घराच्या कागदपत्रांस व जपून ठेवण्याच्या रोजनिशीस टिकाऊ काळी शाई. मुलांच्या सरावास धुवून जाणारी निळी. मित्राच्या पत्रास मनास येईल तो रंग. आजीचीं पत्रें नातवानें वाचावीं अशी इच्छा असेल तर तीं हिरव्या चमचमत्या शाईनें न लिहिणेंच बरें. शायांची विविधता अशी कामाकामांत वांटली गेली म्हणजे तिला अर्थ येतो.

आपल्या देशांत पेन आणि शाई यांचा जन्मच मुळीं उपयोगासाठीं झाला, हेंहि विसरतां कामा नये. मुंबईस १९३१ सालीं दांडेकर बंधूंनीं शाईचा धंदा आरंभिला. ‘घोडा छाप’ शाईपासून ‘कॅमल’पर्यंत मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांचीं बोटें त्यांच्या मालानें रंगलीं. २०११ सालीं त्या कंपनीची मुख्य मालकी कोकुयो या जपानी कंपनीकडे गेली. राजमहेंद्रीस के. व्ही. रत्नम् यांनीं देशी फाउंटनपेन घडविलें. त्याबद्दल गांधीजींनीं त्यांस १९३५ सालीं लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. बंगालमध्यें १९३४ सालीं मैत्र बंधूंनीं ‘सुलेखा’ शाई काढिली. तो कारखाना मध्यें बरींच वर्षें बंद राहून या शतकांत पुन्हां सुरू झाला आहे. या मंडळींपुढें संग्राहक नव्हता. पोस्टकार्ड लिहिणारा, खतावणी भरणारा आणि परीक्षेस बसणारा मनुष्य होता. परदेशी शाईनें स्वदेशीचा लेख लिहावा लागूं नये ही त्या काळची तळमळ होती. आज त्यांच्या बाटल्या कौतुकानें मांडून ठेवणारांनीं त्यांचा हा हेतुहि थोडा पुढें चालवावा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाहीं. ‘साधनाचें एवढें स्तोम कशास? गीतारहस्य लोकमान्यांनीं मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिवाळ्यांत शिसपेन्सिलीनें लिहिलें; तेथें कोणती सोन्याची निब होती?’ आक्षेप अगदीं खरा आहे. उत्तम साधनानें उत्तम विचार सुचतो असें म्हणणारा मनुष्य एकतर दुकानदार असावा, नाहींतर फार भाबडा. पण या उदाहरणाचा बोध नीट घ्यावा. ज्यास सांगावयाचें आहे तो पेन्सिलीनेंहि सांगतो. याचा अर्थ लेखनास प्रथम मान आहे, साधनास नंतर. आमचेंहि म्हणणें हेंच आहे. साधनाचा आनंद हा लेखनाच्या मागून येणारा आनंद आहे. तो विचार देत नाहीं. पण जो मनुष्य आधींच लिहिण्यास बसला आहे त्यास आणखी अर्धा तास बसवून ठेवितो. निब कागदावर हलकी फिरते, जोर द्यावा लागत नाहीं, ओळ ओली दिसते आणि पाहतां पाहतां वाळते. या लहान सुखामुळें एखादें राहून गेलेलें पत्र लिहून होत असेल तर तेंहि थोडें नव्हे.

दोष दिसतो तो निराळ्याच ठिकाणीं. अनेक संग्राहकांच्या वह्या पाहिल्या तर त्यांत काय आढळतें? पेनाचें नांव, शाईचें नांव, आणि तेंच तें एक नमुन्याचें वाक्य, शंभर रंगांत शंभर वेळां. हात वळणदार आहे, रंग मोहक आहेत, कागद उंची आहे. पण सांगावयाचें कांहीं नाहीं. गवयानें आयुष्यभर तंबोराच लावावा आणि चीज कधीं म्हणूंच नये, असा हा प्रकार होतो. नमुना पाहणें आवश्यक आहे. परंतु नमुन्याचें पान हें वहीचें पहिलें पान असावें, सगळी वही नव्हे.

तर मग या छंदाची व्यवस्था कशी असावी? आमच्या मतें एका वेळीं तीनच पेनें भरलेलीं असावीं. एक घरखर्चाच्या वहीपाशीं, टिकाऊ शाईचें. एक पत्रांसाठीं, मनपसंत रंगाचें. आणि एक खिशांतलें, ज्यानें बाजाराच्या यादीपासून वाचलेल्या पुस्तकावरील टिपणापर्यंत सर्व कांहीं लिहावें. पेन रितें झाल्यावरच रंग बदलावा, म्हणजे नव्या रंगाची उत्कंठा लेखनास पुढें ओढील. उरलेलीं पेनें धुवून, कोरडीं करून ठेवावीं आणि पाळीपाळीनें कामास लावावीं. महागांतलें महाग पेनहि या पाळींतून वगळूं नये. आणि घरांतील मुलांस ‘हात लावूं नको’ असें म्हणण्याऐवजीं एखादें साधें देशी पेन व निळी शाई देऊन तें भरावयास शिकवावें. फरशीवर दोन डाग पडतील. पण मराठी अक्षर हातानें वळविण्याची गोडी ज्या पिढीच्या हातून निसटत चालली आहे, तिला ती परत मिळण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाहीं.

संग्रह किती मोठा हें विचारण्यापेक्षां गेल्या महिन्यांत त्यांतून काय काय लिहिलें गेलें हें प्रत्येक संग्राहकानें स्वतःस विचारावें. ज्यांस उत्तरादाखल चार पत्रें, एक भरलेली हिशेबाची वही आणि रोजनिशीचीं कांहीं पानें दाखवितां येतील, त्यांचा छंद रसिकांचा आहे असें आम्ही निःशंकपणें म्हणूं. इतरांचीं पेनें अजून टोपणाखालीं वाट पाहत आहेत. त्यांनीं आज रात्रीं त्यांतलें एक भरावें, आणि ज्या आप्तास बरेच दिवस लिहिलें नाहीं त्याचें नांव कागदाच्या माथ्यावर घालावें.