बृहत्कथेचे संक्षेपकार आणि अद्भुताचा नियम

अद्भुतकथा लिहिणें एक वेळ सोपें. परंतु दुसऱ्यानें लिहिलेल्या अद्भुतकथेचें संपादन करणें फार अवघड, असें आमचें मत दिवसेंदिवस दृढ होत चाललें आहे. हल्लीं विज्ञानकथांचे संग्रह निघतात, जुन्या कथाकाव्यांच्या संक्षिप्त आवृत्त्याहि निघतात. त्यांतील गाळागाळ पाहिली म्हणजे काय राखावें आणि काय टाकावें याचा संपादकांनीं फारसा विचार केला असेल असें वाटत नाहीं. या प्रश्नाचा एक फार जुना व मोठा दाखला आपल्याजवळ आहे. तो म्हणजे गुणाढ्याची बृहत्कथा.

मूळ पैशाची ग्रंथ नष्ट झाला. दंडीनें त्यास ‘अद्भुतार्था’ म्हटलें व बाणानें त्याची स्तुति केली, यावरून त्याची योग्यता कळते. ग्रंथाच्या नाशाची कथा सोमदेवानें दिली आहे व तिचा संबंध आमच्या पैठणाशीं आहे. गुणाढ्यानें विंध्यारण्यांत स्वतःच्या रक्तानें सात लक्ष श्लोक लिहिले. सातवाहन राजानें पिशाचभाषा व रक्ताचीं अक्षरें पाहून ते तुच्छतेनें परत पाठविले. तेव्हां कवीनें एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवून अग्नींत टाकलें. राजा धांवत आला तोंवर सहा लक्ष जळले होते. उरलेली एक लक्ष श्लोकांची नरवाहनदत्तकथा शिष्यांस विशेष आवडत होती, म्हणून ती आधींच वेगळी ठेविली होती. हा इतिहास नव्हे हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु कोणतें पान जाळावें व कोणतें राखावें हा संपादकाचाच व्यवहार होय, आणि येथें तो शिष्यांच्या आवडीवर ठरला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

उरलें त्याचे तीन संस्कृत संक्षेप आज उपलब्ध आहेत. क्षेमेंद्राची बृहत्कथामंजरी सुमारें ७,५०० श्लोकांची आणि सोमदेवाचा कथासरित्सागर २१,००० हून अधिक श्लोकांचा. हे दोन्ही काश्मीरांत अकराव्या शतकांत झाले. तिसरा बुधस्वामीचा बृहत्कथाश्लोकसंग्रह. त्याची पोथी नेपाळांत मिळाली व १८९३ मध्यें हरप्रसाद शास्त्री यांनीं ती प्रकाशांत आणिली; त्याचे २८ सर्ग, सुमारें साडेचार हजार श्लोक, एवढेंच उरलें आहे.

क्षेमेंद्राविषयीं थोडक्यांत सांगतों. औचित्यविचारचर्चा लिहिणाऱ्या पुरुषाकडून औचित्याची अपेक्षा करावी, तर मंजरींत तीच निष्फळ होते. वर्णन आलें कीं त्याची लेखणी रमते; कथेचा सांधा आला कीं ती उडी मारते. कित्येक ठिकाणीं सोमदेव जवळ उघडून ठेविल्यावांचून कोण कोणास व कां शाप देतो हेंच कळत नाहीं. शाप राहिला आणि शापाचें कारण गेलें, अशी ही काटकसर आहे.

सोमदेवाची गोष्ट निराळी. अनंतराजाची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनार्थ आपण हें लिहिलें असें तो सांगतो. आपण मूळ सोडिलें नाहीं, केवळ विस्तार संक्षिप्त केला व भाषा बदलली, आणि औचित्य व अन्वय या दोहोंची यथाशक्ति राखण केली, असें त्यानें आरंभींच म्हटलें आहे. हें प्रतिज्ञावचन कितपत खरें? प्रत्येकीं १८ लंबक असून दोन्ही काश्मीरी ग्रंथांत पहिल्या पांच लंबकांचा क्रम सारखा आहे. सहाव्यापासून तो भिन्न होतो. क्रम बदलला तो सोमदेवानें, असें लाकोत प्रभृति पंडितांचें मत आहे. अर्थात् ग्रंथाच्या मोठ्या बांधणीचा अन्वय त्यानें मोडला. परंतु एकेका कथेच्या पोटांतील अन्वय त्यानें राखला, आणि वाचक त्याच्याकडे वळतो तो त्यामुळेंच. सातव्या लंबकांत एका सुताराचें नगर येतें. तेथील रहिवासी सगळे लांकडाचे. जिवंत मनुष्य तो एकटा. आतां हा सुतार तेथें एकटा कां, हें सोमदेव सांगावयास विसरत नाहीं. त्याच्या भावानें यंत्राच्या हंसांकडून राजाचा खजिना लुटविला, तें उघडकीस आलें, म्हणून दोघांस पळावें लागलें. कौशल्य, लोभ, भय व पलायन अशी साखळी पूर्ण झाल्यावरच तें निर्जन नगर आपणांस खरें वाटतें.

येथें आमच्या स्वतःच्या अपराधाची कबुली देणें प्राप्त आहे. शाळेंत असतांना आम्हीं निर्णयसागराच्या प्रतीवरून मुलांकरितां कांहीं कथा निवडून मराठींत एक लहानसें पुस्तक केलें होतें. सहाव्या लंबकांत मयासुराची कन्या सोमप्रभा आपली सखी कलिंगसेना हिच्यासाठीं लांकडी यंत्रपुतळ्यांची करंडी आणिते. खुंटी दाबतांच कोणी पुतळी माळ घेऊन येते, कोणी नाचते, कोणी बोलते. पुढें सोमप्रभा पृथ्वी, जल, तेज, वायु व आकाश या पांच भूतांपासून होणाऱ्या यंत्रांचे प्रकार सांगते. मुलांस कंटाळा येईल म्हणून हा भाग आम्हीं गाळला व नाच तेवढा ठेविला. वर्गांत एका मुलानें विचारिलें, “सर, येणारी-जाणारी बाहुली समजली, पण बोलणारी बोलते कशी?” आम्हीं म्हणालों, “अरे, गोष्ट आहे ती.” मुलगा खालीं बसला. उत्तर आम्हीं गाळलेल्या ओळींत होतें: येणेंजाणें हें वायुयंत्राचें काम, आणि बोलणें आकाशयंत्राचें. शब्द हा आकाशाचा गुण, हें तर्कसंग्रहाच्या पहिल्या पाठांत शिकलेल्या आम्हांस त्या वेळीं तें सुचलें नाहीं. सोमदेवानें नऊशें वर्षांपूर्वीं जें राखलें होतें तें आम्हीं एका फटकाऱ्यानें जाळलें.

अद्भुतालाहि नियम असतो, हें सर्वांत अधिक बुधस्वामीस कळलें होतें. नरवाहनदत्ताचे सोबती नदीच्या वाळवंटांत हिंडतांना त्यांस पावलें दिसतात. येण्याची खूण नाहीं, मध्येंच उमटलेलीं. हीं कोणाचीं? गोमुख अनुमान करूं लागतो: देवांचे पाय भूमीस लागत नाहींत, राक्षसांचे देह जड म्हणून त्यांचीं पावलें खोल रुततात, असा एकेक पक्ष काढून टाकीत तो विद्याधरावर येतो, आणि पुढें विद्याधर खरोखरच सांपडतो. नैयायिकाचें परिशेषानुमान म्हणतात तें हेंच. गंमत अशी कीं, यांतील एकहि हेतु लौकिक नाहीं, तरी अनुमान निर्दोष आहे. हाच प्रसंग प्राकृतांत संघदासगणीच्या वसुदेवहिंडींतहि येतो. दोन परस्परांपासून दूरच्या परंपरांत तो असल्यामुळें प्राचीन बृहत्कथेंतलाच असावा असें आम्हांस वाटतें. आणि तसें असेल तर पैशाची गुणाढ्य केवळ भुतांच्या गोष्टी सांगणारा नव्हता.

आमच्या संशोधकवर्गासहि येथें दोन शब्द बोलणें भाग आहे. आपण या ग्रंथांकडे जातों तें सातवाहनांची, प्रतिष्ठानाची, व्यापारी मार्गांची माहिती वेंचावयास. तें योग्यच आहे. परंतु टिपणें काढतांना शाप, विद्या, यंत्रें हीं ‘असंभाव्य’ म्हणून खोडून काढण्याची आपणांस जी संवय लागली आहे, ती क्षेमेंद्राच्या संवयीहून फारशी निराळी नाहीं. आकाशयंत्रें यवनच जाणतात, असें बुधस्वामीचे कारागीर राजास सांगतात. यंत्र खोटें म्हणून हें वाक्य टाकलें, तर यवनांच्या शिल्पकौशल्याविषयींची लोकांची समजूतहि त्याबरोबर जाते.

एक शंका राहते. वेतालाच्या पंचवीस कथा व पंचतंत्राचा भाग काश्मीरी ग्रंथांत आहे, बुधस्वामीच्या उपलब्ध भागांत नाहीं; तो मागाहून घुसला असें मानण्यास बळकट कारणें आहेत. मग मराठींत सोमदेव संक्षिप्त करणाऱ्यानें तो काढावा काय? आमचें मत, काढूं नये. तो गुणाढ्याचा नसला तरी सोमदेवाचा आहे, आणि संपादन सोमदेवाचें चाललें आहे. प्रक्षिप्ताची शंका टीपेंत लिहावी व मजकूर जागच्या जागीं ठेवावा. आमच्या त्या लहान पुस्तकाची दुसरी आवृत्ति निघालीच, तर सोमप्रभेच्या गाळलेल्या ओळीहि आम्ही याच न्यायानें परत घालणार आहों.